डार्विन, लिंगो आणि दहावीचं विज्ञान

'डार्विन म्हणतो, माणूस माकडापासून झाला.' सगळ्यात जुना गैरसमज हाच, आणि बाकीचे बहुतेक त्यालाच फुटलेले फाटे. आजचं कुठलंही माकड आपला पूर्वज नाही. चिंपांझीचा आणि आपला पूर्वज एकच होता, साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी वाटा वेगळ्या झाल्या. 'मग माकडं अजून शिल्लक कशी?' असं विचारणं म्हणजे चुलतभाऊ अजून जिवंत कसा, असं विचारण्यासारखं आहे.

जानेवारी 2018 मध्ये तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादला म्हणाले, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही, म्हणून हा सिद्धांत चूक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी संयुक्त पत्रक काढून ते खोडून काढलं. डोळ्यांदेखत घडलं तोच पुरावा, असा विज्ञानाचा नियम नाही. खडकातले जीवाश्म, डीएनएमधलं साम्य, आपल्याच शरीरातलं माकडहाड हेही पुरावेच आहेत.

'डार्विनला शाळेतून काढलं' हे मात्र अर्धसत्य. अभ्यासाचं ओझं कमी करताना एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली, बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे. पण सीबीएसईचा जो विद्यार्थी दहावीनंतर कॉमर्सला जातो त्याची तिच्याशी नीट गाठच पडत नाही, आणि हे नुकसान मला मोठं वाटतं. राज्य मंडळाच्या 2018 च्या दहावीच्या पुस्तकात, विज्ञान भाग 2 मध्ये, पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. भंडारा जिल्ह्यात, म्हणजे भंडारा, साकोली, पवनीच्या मराठी शाळांत हेच पुस्तक आलं.

आता सगळ्यात गोड वाटणारी मागणी: 'दोन्ही बाजू शिकवा', म्हणजे उत्क्रांतीबरोबर धर्मातली निर्मितीकथाही. बाजू दोनच आहेत, हे कुणी ठरवलं? भंडाऱ्यातल्या एका वर्गात गोंड मुलाच्या घरी गोंडांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो याने गुहेत कोंडलेल्यांना सोडवल्याची कथा सांगतात. त्या कथेतली गुहा जिथे दाखवतात ते कचारगड 1999 मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत भंडारा जिल्ह्यातच होतं. शेजारच्या बाकावरच्या मुलीने ब्रह्मदेव ऐकलेला असतो, मागच्याने आदम. यातलं कुठलं उत्तर लिहिलं की गुण द्यायचे? शिवाय पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असं राज्यघटनेचं कलम 28 स्पष्ट सांगतं.

याचा अर्थ लिंगोला शाळेत जागा नाही, असा मुळीच नाही. नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी या भागातले जीवाश्म गोळा केले आणि गोंडांकडून लिंगोचं गीतही उतरवून घेतलं. जीवाश्म भूशास्त्राच्या निबंधात गेले. गीत आदिवासींवरच्या लेखनात राहिलं आणि हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर, 1866 मध्ये, ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी छापलं. एकाच माणसाने दोन्ही जपलं, कालवलं मात्र नाही. आपल्या मुलांनीही लिंगो मराठीच्या आणि इतिहासाच्या तासाला मन लावून वाचावा. तिथे तो आजही पुरेसा भेटत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

राहता राहिला 'मग देव खोटा का, सर?' हा वर्गातला प्रश्न. उत्क्रांतीचा धडा त्याचं उत्तर द्यायला घेतलेलाच नसतो, आणि शिक्षकांनी तसं सरळ सांगावं.