परराज्यातून सातपूरला येताना बंदूक सोबत असेल तर…

सातपूर एमआयडीसीत नोकरी लागली, बिऱ्हाड हलवायचे ठरले आणि घरात परवान्याची बाराबोअर आहे. अशा वेळी ट्रक भरण्याआधी परवाना उघडून त्यावरचा क्षेत्राचा रकाना वाचा. तिथे फक्त जुन्या राज्याचे नाव असेल, तर परवाना खरा असूनही महाराष्ट्रात ती बंदूक बाळगता येत नाही. आधी क्षेत्रवाढ मागा. तोवर ती अधिकृत शस्त्रविक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी.

क्षेत्र देशभराचे असले तरी काम संपत नाही. मुक्काम तीस दिवसांपेक्षा जास्त असेल, तर पत्ता बदलल्यापासून तीस दिवसांच्या आत जुन्या आणि नव्या, दोन्ही परवाना प्राधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. पोच जपून ठेवा. पुढे नूतनीकरणाच्या वेळी तीच कामाला येते. नवे प्राधिकारी कोण, यात अनेकांची गल्लत होते. सातपूर नाशिक शहर आयुक्तालयात मोडते, म्हणून अर्ज पोलीस आयुक्तांकडे. त्र्यंबकेश्वरला घर घेतले, तर मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे. मागणी झाल्यास परवान्यासोबत शस्त्रही दाखवावे लागते.

वडिलोपार्जित धरून तीन बंदुका असतील तर आणखी एक अडचण आहे. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रे ठेवता येतात. नवा पत्ता वेळेत कळवण्याचे आणखी एक कारण आहे: निवडणुकीची आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते आणि ती परवान्यावरच्या पत्त्यावरच जाते.