भर समुद्रात संदेश क्षीण का होतो?

भर समुद्रात ना डोंगर, ना इमारती. तरीही जहाजावरील उपग्रह दूरध्वनीचा आवाज मधूनच खोल जातो. संकटातील नौकेसाठी तो क्षण जीवघेणा ठरू शकतो. याला कारण खुद्द समुद्रच. विषुववृत्ताच्या माथ्यावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असलेला भूस्थिर उपग्रह, जहाज दूर जाईल तसा क्षितिजाकडे कलतो. मग त्याची लहर एकदा थेट येते आणि दुसऱ्यांदा पाण्यावरून परावर्तित होऊन, किंचित उशिरा. दोन्ही जुळल्या तर संदेश बळावतो. विरोधात गेल्या तर परस्परांना मारतात.

मोठ्या तबकडीचा झोत अरुंद, त्यामुळे ती पाण्याकडे फारशी पाहत नाही. मात्र डोलत्या जहाजावर तिचा रोख उपग्रहावर कायम ठेवणारी यंत्रणा लागते. मासेमारी नौकेला हा थाट कुठला परवडायला! लहान अँटेनाला चहूकडचे ऐकू येते. तिथे वर्तुळाकार ध्रुवीकरण कामी येते: परावर्तित लहरीच्या फिरण्याची दिशा उलटते आणि अँटेना तिला बव्हंशी नाकारते. उपग्रह अगदी क्षितिजालगत असताना मात्र ती उलटत नाही. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळीच ही युक्ती फसते.

उरलेला भार उपग्रहाने उचलायचा. इस्रोने २०१५ साली सोडलेल्या जीसॅट-६ ला म्हणूनच ६ मीटर व्यासाची, अवकाशात उलगडणारी अँटेना दिली होती.