वाड्याची डागडुजी आणि घरच्यांचा रक्तदाब

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण आपल्याला पाठ असते. जुने घर दुरुस्त करण्याबद्दल मात्र ती काही बोलत नाही, आणि नाशिकमध्ये आज अनेक कुटुंबांपुढे नेमका तोच प्रश्न आहे. तिवंधा, तांबट लेन, भद्रकाली, पंचवटी या भागांत काळ्या दगडाचे जोते, सागवानी खांब आणि मातीच्या भिंती असलेले वाडे अजून उभे आहेत. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक घरांना नोटिसा बजावते आणि पाऊस लागला की एखाद्या वाड्याची भिंत कोसळल्याची बातमी येतेच. नदीकाठच्या लोकांना पुराची धास्ती वेगळी. २००८, २०१६ आणि २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी काठावरच्या बाजारपेठेत शिरले होते. पाणी दोन दिवसांत ओसरते. भिंतीत शिरलेली ओल मात्र मुक्काम ठोकते.

मग कधीतरी कुटुंब धीर करून काम काढते. दोन-तीन महिन्यांनी त्याच घरांतली माणसे आमच्या बाह्यरुग्ण विभागात दिसू लागतात. वर्षानुवर्षे गोळीने ताब्यात असलेला रक्तदाब वर गेलेला असतो. साखर बिघडलेली असते. कोणाला धडधड होते, कोणाचा खोकला थांबत नाही, कोणाला पहाटे तीनला जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही. ‘घरात काही काम काढले आहे का?’ असे विचारले की समोरचा माणूस खुर्चीत जरा सैल होतो आणि मिस्त्री, चुलतभाऊ, बँकेचा हप्ता असे एकेक बाहेर पडू लागते. बाहेर रांग असली तरी ती मिनिटे वाया जात नाहीत. पुष्कळदा निदान त्यातच असते.

ताणाची बेरीज

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ मध्ये आयुष्यातल्या ४३ घटनांची एक यादी केली आणि प्रत्येक घटनेला ताणाचे गुण दिले. जोडीदाराच्या मृत्यूला १००, लग्नाला ५०. आपल्या म्हणीतले निम्मे त्यांनी असे मोजून ठेवले! आता याच यादीतून वाड्याची डागडुजी काढलेल्या एखाद्या घराचे गुण मांडू. राहणीमानात मोठा बदल २५, तात्पुरते दुसरीकडे राहायला जाणे २०, मोठे कर्ज ३१, आर्थिक स्थितीत बदल ३८, सासरच्या नातेवाइकांशी खटके २९, झोपेच्या सवयीत बदल १६, जेवणाच्या सवयीत बदल १५. बेरीज १७४. या मोजणीत १५० च्या पुढे आजारपणाची शक्यता वाढू लागते आणि ३०० च्या पुढे ती बरीच जास्त असते. ही मोजपट्टी जुनी आणि ढोबळ आहे. सासरच्यांबद्दल तिचे मत प्रत्येक घराला लागू पडेल असेही नाही. पण ती एक गोष्ट बरोबर दाखवते. एकेक त्रास छोटा वाटतो म्हणून आपण तो मोजत नाही. शरीर मात्र सगळ्यांची बेरीज करत राहते.

ही बेरीज शरीर कशी करते? ताण आला की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमधून अ‍ॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात मिसळतात. नाडी वाढते, रक्तवाहिन्या आवळतात, यकृत रक्तात साखर सोडते. समोर साप दिसला तर हीच तयारी आपला जीव वाचवते. पण तीच स्थिती सहा महिने चालली तर रक्तदाब, साखर आणि झोप या तिन्हींची घडी विस्कटते.

दगडाखाली काय असेल?

डागडुजीत माणसाला सर्वांत जास्त काय थकवते? खर्च आणि कष्ट तर आहेतच. पण माझ्या मते खरी दमछाक होते ती अनिश्चिततेने. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये झालेला एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४५ जणांना संगणकावर एकेक दगड दाखवून त्याखाली साप आहे की नाही हे ओळखायला सांगितले. साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका बसे. संशोधकांनी घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असताना ताण कमी होता. बसेल की नाही याची शक्यता निम्मी-निम्मी असताना तो सर्वाधिक होता.

जुन्या वाड्याचे काम म्हणजे रोज असा एक दगड उचलणे. गिलावा काढल्याशिवाय आतली वाळवी दिसत नाही. माळवद उकलल्याशिवाय तुळई किती कुजली ते कळत नाही. सुतार उद्या येतो म्हणतो, येत नाही. वाटणीदाराची सही आज मिळेल असे वाटते, मिळत नाही. यातली कोणतीच एक गोष्ट फार मोठी नसते. पण मन सतत निम्म्या शक्यतेवर टांगलेले राहते. म्हणून या काळातला उपाय दुहेरी आहे. जिथे अनिश्चितता कमी करता येते तिथे ती करायची आणि जिथे येत नाही तिथे शरीराला लागणाऱ्या थोड्या गोष्टी पक्क्या करून ठेवायच्या.

पहिल्या भागासाठी काम सुरू करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून वाड्याची तपासणी करून घ्यावी. वाईट बातमी असली तरी ती आधी कळलेली बरी. लंडनचा प्रयोग तेच सांगतो. वेळ आणि पैशाचा अंदाज स्वतःच्या उमेदीवरून बांधू नये. डॅनियल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच दाखवून दिले की स्वतःच्या कामाचा अंदाज माणूस नेहमी कमी धरतो. त्यावर त्यांचा उपाय साधा होता: तसेच काम केलेल्या इतरांना प्रत्यक्षात किती वेळ लागला ते पाहा. आपल्या आळीत अशी दोन-तीन घरे सहज सापडतात. त्यांना विचारावे आणि तोच आकडा धरून चालावे. मग उशीर झाला तर तो धक्का राहत नाही, हिशेबातला भाग होतो.

आधी टेकू, मग भिंत

कसलेला गवंडी भिंतीला हात लावण्याआधी वरच्या तुळईला टेकू देतो. घरातल्या माणसांनाही असेच टेकू आधी द्यावे लागतात.

पहिला टेकू म्हणजे एक शाबूत खोली. काम टप्प्याटप्प्याने करायचे असेल तर इंजिनीअरने सुरक्षित सांगितलेली एक खोली शेवटपर्यंत तशीच ठेवावी. तिथे अंथरूण, पंखा, पिण्याचे पाणी आणि औषधांचा डबा असावा. दारावर ओला पडदा टाकावा. घरात वृद्ध असतील तर हे फारच महत्त्वाचे. ऐंशीच्या घरातल्या आजींची खाट, घड्याळ, चष्मा आणि न्हाणीची वाट एका आठवड्यात बदलली की त्या रात्री गोंधळतात, मुलाला ओळखत नाहीत. घरचे घाबरतात किंवा ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देतात. अचानक आलेला असा गोंधळ डॉक्टरांना दाखवायला हवा, कारण त्यामागे संसर्ग किंवा क्षार कमी होणेही असू शकते. अंधारात पडलेल्या विटेला अडखळून खुब्याचे हाड मोडते, ते वेगळेच. न्हाणीच्या वाटेवर रात्रभर दिवा ठेवावा.

दुसरा टेकू औषधांचा. कामाच्या धांदलीत पहिली चुकते ती गोळी. डबा माळ्यावर जातो, चिठ्ठी राडारोड्याबरोबर जाते. एक महिन्याची औषधे वेगळ्या पिशवीत ठेवावीत, चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवावा. घरी रक्तदाब मोजत असाल तर पाच मिनिटे शांत बसून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावा. सकाळ-संध्याकाळ आठवडाभर मोजून सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त येत असेल तर डॉक्टरांना भेटावे. ठेकेदाराशी भांडून आल्यावर लगेच मोजू नये. तो आकडा तुमचा नसतो, भांडणाचा असतो.

तिसरा टेकू झोपेचा. रात्री जेवणानंतर घराच्या कामाचा विषय बंद, असा नियमच करावा. ज्यांच्या डोक्यात याद्या फिरत राहतात त्यांच्यासाठी एक स्वस्त उपाय आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५७ तरुणांपैकी निम्म्यांना झोपण्याआधी पाच मिनिटे उद्या-परवाची कामे लिहायला सांगितली आणि उरलेल्यांना झालेली कामे. पुढची कामे लिहिणारे सरासरी नऊ मिनिटे लवकर झोपी गेले. अभ्यास लहान आहे, पण वही-पेनचा दुष्परिणाम नाही.

धूळ, पाणी आणि विंचू

‘टेन्शनचा खोकला’ म्हणून येणारे कित्येक खोकले धुळीचे असतात. विटा, वाळू आणि फरशी कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. घरच्यांना काही महिने त्रास होतो. ते काम रोज करणाऱ्या मजुराला मात्र सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार होऊ शकतो. पाणी मारून कापायला सांगावे आणि मजुरांनाही एन-९५ मास्क द्यावा, रुमाल पुरत नाही. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० च्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग कोरडा खरवडला की शिशाची धूळ उडते. त्या वेळी गरोदर बायका आणि लहान मुले घरात नसावीत.

बांधकामाला पाणी मारण्यासाठी भरून ठेवलेली पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी करावीत. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण आठ-दहा दिवस पुरतात. गंजका खिळा लागला तर त्याच दिवशी धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारावे. जुनी लाकडे आणि दगड हलवताना पायात बूट, हातात हातमोजे हवेत. लाल विंचू चावल्यावर भरपूर घाम, उलट्या, हातपाय गार पडणे अशी लक्षणे दिसली तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध उपयोगी पडते हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी जगाला दाखवून दिले. आज विंचूदंशाने जाणारा जीव वेळेत वाचू शकतो.

भिंत पडते तेव्हा

एवढे करूनही वाईट दिवस येतातच. रिचर्ड लॅझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग सांगितले. एक, प्रश्नच सोडवणे. दुसरा, प्रश्न सुटणारा नसेल तर त्याने उठणारी भावना सांभाळणे. गल्लत झाली की त्रास वाढतो. ठेकेदाराने हिशेब दिला नाही तर तिथे शांत बसून श्वास मोजण्यात अर्थ नाही, लेखी हिशेब मागावा. वाटणीदारांची बैठक आठवड्यातून एकदाच ठरावीक वेळी घ्यावी आणि ठरलेले लिहून सगळ्यांनी सही करावी. रोज ओसरीवर निघणारा विषय नाती खातो. उलट, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आभाळ फाटले तर त्यावर ठेकेदाराला दहा फोन करून उपयोग नाही. तिथे चहा करावा, कोणाशी तरी बोलावे.

आणि काही वेळा इंजिनीअर सांगतो की वाडा वाचणार नाही. मोठी माणसे अशा वेळी रडतात आणि मुले म्हणतात, ‘दगडमातीसाठी काय रडायचे!’ तसे म्हणू नये. ज्या माजघरात बाळंतपणे झाली, जिथून आईवडिलांची शेवटची यात्रा निघाली, ते जाणे हे दुःखच आहे आणि दुःखाला वेळ द्यावा लागतो. एखादी देवळी, दिंडी दरवाजाची कडी, एखादा खांब नव्या घरात नेता आला तर न्यावा. मात्र त्या दुःखापायी, किंवा हक्क जाईल या भीतीपायी, धोकादायक ठरलेल्या छताखाली कोणीही झोपू नये. हक्काचे कागद वकिलाकडून नीट करून घ्यावेत आणि मुक्काम हलवावा. पावसात भिंतीला नवी भेग गेली, दार अचानक अडकू लागले, माती गळू लागली किंवा तुळई करकरली, तर सामान आवरत बसू नये. माणसे बाहेर काढावीत.

छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम, गार घाम, यातले काही झाले तर ‘ताण असेल’ म्हणून थांबू नये. लगेच रुग्णालयात यावे. दोन आठवडे झोप नाही, कशात रस नाही, सगळे संपवावे असे वाटते, असे असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो. तिथे मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

वाड्याचे काम दिवाळीपर्यंत संपेल की पुढच्या अक्षय्य तृतीयेला, हे बहुधा कोणाच्याच हातात नसते. सकाळची गोळी, रात्रीची झोप आणि आजींच्या वाटेवरचा दिवा मात्र आपल्याच हातात आहे. आज घरी गेल्यावर तेवढे आधी पाहून घ्या.