नरकटियागंजच्या कचेरीतून

बिहारच्या वायव्य टोकास, नेपाळच्या सरहद्दीलगत असलेल्या पश्चिम चंपारण जिल्ह्यात, नरकटियागंजच्या गटविकास कचेरीत दरमहा 800 रुपये वेतनावर झाडलोट करणारी एक दलित स्त्री पुढे त्याच राज्याच्या विधानसभेत लोकप्रतिनिधी म्हणून जाऊन बसली, हे भागीरथीदेवींचे चरित्र आता पुष्कळांना ठाऊक आहे. परंतु ते सांगताना झाडूपासून आमदारकीपर्यंत जणू एकच झेप घेतली गेली, असे जे वर्णन केले जाते, ते मला त्या बाईंवर अन्याय करणारे वाटते. त्यांनी नोकरी सोडली 1980 मध्ये. त्या आमदार झाल्या 2000 मध्ये. मधली वीस वर्षे हेच त्यांचे खरे कर्तृत्व होय.

कचेरीचा केर काढणाऱ्या बाईकडे कोणी पाहत नाही. तिला मात्र कोणाचा अर्ज दप्तरात पडून राहतो आणि कोणाची फिर्याद तत्परतेने ऐकली जाते, हे सारे रोज दिसत असते. खेड्यापाड्यांतून गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या दरिद्री स्त्रियांची तेथे जी अवहेलना होई, ती पाहून भागीरथीदेवींनी राजकारणात उतरण्याचा निश्चय केला आणि नोकरी सोडली. गरिबाच्या घरी दरमहाचे बांधलेले वेतन म्हणजे काय असते, हे ज्याने अनुभवले आहे, त्यालाच या त्यागाचे मोल कळावे. पुढे गटागटांतून त्यांनी महिलांच्या संघटना उभारल्या. घरातील मारहाण, दलितांवरील अत्याचार आणि मजुरीचा रास्त दर हे विषय बायकांपुढे मांडले. आणि 1991 मध्ये निदर्शनांपायी त्यांना अटकही झाली.

हा मुलूख आपल्याला परका नाही. निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध 1917 मध्ये गांधीजींनी सत्याग्रह केला तो याच चंपारणात, आणि त्यांच्या हाकेसरशी मुंबईहून अवंतिकाबाई गोखले आपल्या पतीसह बडहरवा लखनसेनच्या शाळेत शिकवावयास गेल्या होत्या. भितिहरव्याजवळच्या एका खेड्यातील स्त्रीने, अंगावरच्या एका लुगड्यावाचून दुसरे वस्त्र नाही, मग ते धुवावे कधी, असे कस्तुरबांना विचारल्याचे गांधीजींनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. तेव्हा बाहेरून आलेल्या सुशिक्षित स्त्रियांनी तेथील बायकांचे दुःख जाणून घेतले. भागीरथीदेवी त्या बायकांमधल्याच एक होत्या, आणि म्हणून मला त्यांचे कार्य विशेष मोलाचे वाटते.

भारतीय जनता पक्षातर्फे शिकारपूरच्या राखीव मतदारसंघातून त्या प्रथम निवडून आल्या, तेव्हा अविभाजित बिहारच्या विधानसभेत 324 जागा होत्या. त्याच वर्षाअखेर झारखंड वेगळे झाले आणि 243 उरल्या. राखीव जागेमुळेच हे घडले, असे म्हणणाऱ्यांनी, त्या जागेवर हक्क सांगण्याइतका लोकांचा विश्वास संपादन करण्यास किती पायपीट करावी लागते, याचा विचार करावा. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर 2010 आणि 2015 मध्ये त्या रामनगरातून विजयी झाल्या. 2019 मध्ये त्यांना सार्वजनिक कार्यासाठी पद्मश्री प्रदान करण्यात आली. पुढल्याच वर्षी रामनगरच्या मतदारांनी त्यांना पुन्हा विधानसभेत पाठविले.