नर्सिंगला शिकणाऱ्या लेकीला कोर्टाचं समन्स आलं तर

वस्तीत पोलीस शिपाई कागद घेऊन आला की आधी शेजारी दारात येतात. कागदावर लेकीचं नाव असलं तर आईच्या तोंडचं पाणी पळतं. लेक जीएनएमच्या दुसऱ्या वर्षाला, दूर शहरातल्या हॉस्टेलवर. कोणी म्हणतं, कागद घेऊच नका. कोणी म्हणतं, कॉलेजात कळलं तर नाव काढून टाकतील. आणि बऱ्याच घरांत तो कागद गादीखाली जातो.

आम्ही परिचारिका म्हणून वॉर्डात राबलो, आता वस्त्यांमधून आरोग्याचं काम करतो. नर्सिंगच्या मुली आमच्याकडे येतात तेव्हा हा प्रश्न अनेकदा घेऊन येतात. झोप उडालेली, जेवण तुटलेलं, डोकं दुखतंय. खोदून विचारलं की मुळाशी समन्स निघतं. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर.

समन्स म्हणजे आरोप नव्हे

परदेशी सिनेमात सामान्य माणसं ज्युरी म्हणून बसलेली दिसतात. आपल्याकडच्या फौजदारी खटल्यांत आता ज्युरी नाही. आपल्या लेकीला कोर्ट बोलावतं ते बहुतेक वेळा साक्षीदार म्हणून. वस्तीत मारहाण झाली, रस्त्यावर अपघात झाला, वॉर्डात जळालेली बाई आणली गेली, आणि ते तिनं पाहिलं, एवढाच त्याचा अर्थ. कागदावर ‘साक्षीदार’ लिहिलंय की ‘आरोपी’, हे आधी वाचा. साक्षीदार असेल तर तिच्या चारित्र्यावर डाग नाही आणि पुढे नोकरीलाही आडकाठी नाही.

पण कागद दडवणं मात्र महागात पडतं. समन्स मिळूनही कारण नसताना हजर न राहिल्यास कोर्ट दंड करू शकतं, वॉरंट काढू शकतं. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी ६ महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

कागद घरी आला, लेक हॉस्टेलवर

जिच्या नावाचं समन्स आहे ती शोधूनही सापडली नाही, तर ते घरातल्या प्रौढ माणसाकडे देता येतं. जुन्या कायद्यात तिथे ‘प्रौढ पुरुष’ असं लिहिलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतून ‘पुरुष’ हा शब्द गेला. म्हणजे आईनं, आजीनं घेतलेलं समन्सही चालतं. सही करण्याआधी वाचून घ्या किंवा शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. न्यायालयाचा शिक्का आणि सही आहे का, कोर्ट कोणतं, खटल्याचा नंबर काय, तारीख-वेळ काय, हे बघा. त्याच दिवशी लेकीला फोन करा आणि कागदाचा फोटो पाठवा.

आता समन्स मोबाईलवरही येऊ शकतं, पण त्यावरही कोर्टाच्या शिक्क्याची प्रतिमा किंवा डिजिटल सही लागते. फोनवर कोणी ‘समन्स निघालंय, पैसे भरा नाहीतर अटक’ म्हणालं तर ती फसवणूक समजा. पैसे देऊ नका, १९३० या सायबर हेल्पलाईनवर कळवा.

कॉलेजात काय सांगायचं

मुलींची खरी भीती हजेरीची असते, आणि ती खोटी नाही. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमाप्रमाणे परीक्षेला बसायला ८० टक्के हजेरी लागते. डिप्लोमा हातात पडण्याआधी प्रत्येक प्रात्यक्षिक विभागात १०० टक्के हजेरी पूर्ण करावी लागते. कोर्टात गेलो म्हणून ड्युटी माफ होत नाही. ती नंतर भरून द्यावी लागते. म्हणून ‘मला सुट्टी द्या’ असं मागू नका, ‘ड्युटी बदलून द्या’ असं मागा.

समन्स मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशीच प्राचार्यांच्या नावानं अर्ज लिहा. तो असा असला तरी पुरे:

‘मला अमुक न्यायालयात अमुक तारखेला साक्षीदार म्हणून हजर राहण्याचे समन्स मिळाले आहे. प्रत सोबत जोडली आहे. त्या दिवशी गैरहजर राहण्याची परवानगी मिळावी व राहिलेली वॉर्ड ड्युटी भरून काढण्यासाठी दुसरा दिवस द्यावा. आदल्या रात्री रात्रपाळी लावू नये, ही विनंती. न्यायालयाचा हजेरीचा दाखला आल्यावर सादर करीन.’

अर्जाच्या दोन प्रती काढा. एकीवर कार्यालयाची पोच, तारीख आणि शिक्का घ्या. वर्गशिक्षिका आणि वॉर्डच्या सिस्टर यांनाही सांगा. प्रकरण काय आहे हे सगळ्यांना सांगायची गरज नाही. मूळ समन्स स्वतःकडे ठेवा, कॉलेजला झेरॉक्स द्या. साक्ष झाली की कोर्टातल्या क्लार्ककडून हजर राहिल्याचा दाखला मागून घ्या. साक्ष न होता पुढची तारीख पडली तरीही तो मागा, कारण दिवस तर गेलाच.

परीक्षा आणि तारीख एकाच दिवशी

अशा वेळी घरी बसून राहू नका. तारखेच्या आधीच, समन्स आणणाऱ्या पोलिसांमार्फत सरकारी वकिलांना गाठा. परीक्षेचं वेळापत्रक किंवा हॉल तिकीट जोडून दुसरी तारीख मागणारा अर्ज द्या. कॉलेज दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर व्हिडिओद्वारे साक्ष घेता येईल का, हेही विचारा. कायद्यात त्याची सोय आहे. दोन्ही बाबतीत शेवटचा शब्द कोर्टाचा असतो. ‘तारीख बदलली’ असं कोर्टाकडून कळेपर्यंत जुनीच तारीख कायम आहे, असं धरून चाला.

वॉर्डात पाहिलं असेल तर

विषबाधा, भाजणं, मारहाण अशा केसमध्ये शिकाऊ परिचारिकेलाही बोलावलं जाऊ शकतं. केसपेपर घरी नेऊ नका, त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवू नका. तो दवाखान्याचा दस्तऐवज आहे, तो दवाखान्यामार्फतच कोर्टात जातो. समन्स आल्याचं कॉलेजच्या मार्फत दवाखान्याच्या प्रमुखांना कळवा. साक्षीत जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, हातांनी केलं तेवढंच सांगा. नाडी किती होती हे आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. जखम कशानं झाली हा अंदाज डॉक्टरांवर सोडा. उलटतपासात वकील आवाज चढवेल; प्रश्न कळला नाही तर पुन्हा विचारायला सांगा.

साक्षीआधी शपथ देतात. देवाच्या नावानं शपथ घ्यायची नसेल तर १९६९ च्या शपथ कायद्यानं गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करता येते. तिचं वजन शपथेइतकंच.

खर्च आणि भीती

ॲट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीदाराला येण्या-जाण्याचा खर्च आणि दैनिक भत्ता मिळतो. १९९५ च्या नियमांतला ११ वा नियम तसं सांगतो. हे पैसे लगेच किंवा जास्तीत जास्त ३ दिवसांत द्यायचे असतात. महिला साक्षीदाराला स्वतःच्या पसंतीचं माणूस सोबत नेता येतं, त्याचाही खर्च मिळतो. म्हणजे आई सोबत गेली तर तिचं भाडं मागता येतं. तिकिटं जपून ठेवा. इतर फौजदारी खटल्यांतही भत्ता मागा. तो कोर्टाच्या आदेशानं मिळू शकतो.

भीतीबद्दल आम्ही गोड बोलणार नाही. खैरलांजीच्या सुरेखा भोतमांगे आणि प्रियांका एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या. २९ सप्टेंबर २००६ ला त्यांच्यासह त्या घरातल्या चौघांचं काय झालं, हे आपल्या प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून धमकी आली की ‘बघू पुढे’ म्हणत बसू नका. ११२ ला फोन करा, लेखी तक्रार देऊन पोच घ्या, सरकारी वकिलांना सांगा. ॲट्रॉसिटी कायद्यातलं कलम १५ अ पीडितांना आणि साक्षीदारांना संरक्षणाचा हक्क देतं. २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं साक्षीदार संरक्षण योजना मान्य केली. तिच्याखाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना आणि अनुसूचित जातींना तिथे उत्पन्न न बघता वकील मोफत मिळतो.

तारखेच्या दिवशी शरीर सांभाळा

रात्रपाळी करून थेट कोर्टात जाऊ नका. न झोपलेल्या माणसाची आठवण घसरते. सकाळी भाकरी-भाजी पोटभर खाऊन निघा. पुकारा कधी होईल सांगता येत नाही, म्हणून पाण्याची बाटली, शेंगदाणे-गूळ आणि पाळी जवळ आली असेल तर पॅड सोबत ठेवा. लघवी धरून ठेवू नका. छाती धडधडली, हातपाय गार पडले तर बसा आणि सावकाश श्वास सोडा. साक्षीनंतर दोन-तीन रात्री तेच डोळ्यांपुढे येणं साहजिक आहे. दोन आठवड्यांनंतरही झोप लागत नसेल, वॉर्डात पाऊल टाकवत नसेल, तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जा.

घरच्यांनी एवढं करा: तिला ‘कशाला पडलीस यात’ असं म्हणू नका. वस्तीतल्या मारहाणीत पाहणारे पन्नास असतात, कोर्टात उभे राहणारे दोन-चार. शिकलेली, धीटपणे बोलणारी मुलगी त्यांत असेल तर पीडिताच्या बाजूला वजन येतं. कागद वेळेवर दिले आणि ड्युटी भरून काढली, तर साक्षही होते आणि डिप्लोमाही हातात येतो. समन्स, अर्जाची पोच आणि हजेरीचा दाखला हे तीन कागद एका फाईलीत ठेवा. खटला संपेपर्यंत ती फाईल घराबाहेर कोणाच्या हाती देऊ नका.