रविवारचा चित्रकलेचा वर्ग

नव्वदच्या दशकात कराडला चित्रकलेचा वर्ग म्हणजे बहुधा ड्रॉइंगच्या सरांच्या घरचा सोपा. शाळेत चित्रकलेला आठवड्यातून जेमतेम दोन तास, त्यातलाही एखादा गणित नाहीतर विज्ञान पळवायचं. मग ज्यांच्या हातात कला होती ती मुलं रविवारी सकाळी बोर्ड, क्लिपा आणि रंगांची पेटी घेऊन यायची. मी वर्ग सुरू केला तो तेव्हा. या वर्गांना आधार होता तो कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांचा. त्या नसत्या, तर तालुक्याच्या गावातल्या आईबापांनी मुलांना चित्रं काढायला घराबाहेर धाडलं असतं असं मला वाटत नाही. म्हणून या परीक्षांबद्दल माझ्या मनात कृतज्ञता आहे.

वस्तुचित्रासाठी स्टुलावर तांब्या ठेवला की नवं मूल हमखास दोन गोष्टी करतं. तोंडाच्या लंबगोलाची टोकं लिंबासारखी निमुळती काढतं आणि बूड सरळ रेघेनं संपवतं, कारण तांब्या सपाट स्टुलावर बसलाय हे त्याला ठाऊक असतं. मी तांब्या उचलून त्याच्या डोळ्यांसमोर धरतो. तोंडाची नुसती आडवी रेघ दिसते. तांब्या सावकाश खाली आणला की ती रेघ उघडत जाते आणि बुडाचा बाक तोंडापेक्षाही गोल भासतो. एवढं एकदा दिसलं की मूल खोडरबर मागतं, मला पुढे काही सांगावं लागत नाही. इतक्या वर्षांत हा क्षण मला कधी शिळा वाटलेला नाही.

स्मरणचित्राची गोष्ट वेगळी. सुरुवातीची मुलं एसटी स्टँडवर, गुरुवारच्या बाजारात, प्रीतिसंगमाच्या घाटावर वही घेऊन बसायची. ओझं घेतलेली बाई कंबरेत कशी कलते, वाकून भाजी निवडणाऱ्याचं वजन कुठल्या पायावर येतं, हे तिथंच कळायचं. पुढे दहावीच्या निकालात इंटरमीजिएटचे वाढीव गुण मिळू लागले: ए श्रेणीला ७, बीला ५, सीला ३. वर्ग भरले. कधी आली नसती अशी मुलंही आली, आणि त्यातली काही फार चांगली निघाली. पण घाई शिरली. डोक्यावर घागर घेतलेली बाई, पाठमोरा म्हातारा, पतंगवाला मुलगा अशा दोन-तीन आकृत्या घोटून घ्यायच्या आणि विषय बाजाराचा असो वा जत्रेचा, त्याच बसवायच्या, ही रीत बऱ्याच ठिकाणी पडली. मला ती मान्य नाही. पाठ केलेलं स्मरणचित्र हे स्मरणाचं चित्रच नव्हे.

कोरोनात २०२० ची परीक्षा झाली नाही. वर्ग फोनवर आला. माझ्याकडून तांब्याचा फोटो पाठवण्यात अर्थ नव्हता. फोटोतला लंबगोल आयताच सपाट होऊन आलेला असतो. म्हणून मुलांना घरातलीच वस्तू समोर मांडायला सांगितली. एका मुलीनं ओट्यावरचा मिक्सर काढला, वायरीच्या वेटोळ्यासकट. भांड्याच्या स्टीलमध्ये खिडकी वाकडी होऊन उमटली होती, तीही तिनं सोडली नाही. त्या काळातलं ते मला सगळ्यांत आवडलेलं काम.

माझ्याकडे आलेली थोडीच मुलं जे.जे.ला किंवा एटीडी या कलाशिक्षक पदविकेला गेली. बाकीची शेती, बँक, शिवणकाम, दवाखाना अशी पांगली. ब्लाउज शिवणारी एक जण गळ्याचा बाक अजून आधी हातानं कागदावर काढते, मगच कापडाला कात्री लावते. पालक आजही पहिल्या भेटीत गुणांचंच विचारतात. दहावीचं वर्ष म्हटलं की त्यांचंही बरोबर आहे. म्हणून आता पाचवी-सहावीच्या मुलांची बॅच वेगळी केली आहे. तिथं परीक्षेचा विषय निघत नाही, घरी दाखवायला पूर्ण झालेलं चित्रही दर रविवारी मिळत नाही. सध्या ती मुलं चपला काढताहेत, दाराबाहेर जशा पडल्यात तशा.