परदेशातून वाद्य मागविताना

गेल्या काही वर्षांत आपल्या वस्त्यांमधून गिटार, कीबोर्ड, व्हायोलिन, सॅक्सोफोन शिकणाऱ्या मुलामुलींची संख्या वाढली आहे. ढोलकी आणि पेटीच्या जोडीला ही वाद्ये आता गायन पार्ट्यांतूनही ऐकू येतात. त्याचबरोबर मोबाईलवर परदेशी दुकानांच्या याद्या पाहून थेट तेथूनच वाद्य मागविण्याकडेही मुलांचा ओढा वाढला आहे. याविषयी विद्यार्थी आणि पालक आम्हांला वारंवार विचारतात. आम्ही काही सभासद रविवारी मुलांचा वाद्यवर्ग चालवितो. तेथे आम्हांला ठेच लागून जे कळले, ते पुढच्यांना ठेच न लागता कळावे म्हणून येथे मांडीत आहोत.

वर्गातील एक मुलगा डावखुरा आहे. नेहमीची गिटार त्याच्या हातात उलटी बसे. तारा उलट्या लावून पाहिल्या, पण ते खरे औषध नव्हे. तारांच्या खाचा जाडीप्रमाणे कोरलेल्या असतात आणि आतल्या लाकडी पट्ट्याही उजव्या हाताच्या हिशेबाने बसविलेल्या असतात. आमच्या भागातील दुकानांत डावखुरी गिटार मिळेना. अखेर युरोपातील एका मोठ्या दुकानाच्या यादीत ती सापडली. रुपयांत हिशेब केल्यास किंमत १७,८५० दिसत होती. माल भारतात पाठवायचा आहे असे निवडताच तीच किंमत १५,००० झाली आणि वर ६,००० वाहतूक खर्च लागला. मुलाच्या आईने भिशीचे पैसे उचलले आणि २१,००० रुपये भरले. आम्हीच त्यांना ‘घ्या’ म्हणून सांगितले होते, हे येथे कबूल करणे भाग आहे.

बारा-तेरा दिवसांनी कुरिअरचा मुलगा डबा घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, “ताई, कस्टमचे आणि आमच्या आकाराचे मिळून सात हजारांच्या वर होतात. ते भरल्याशिवाय डबा देता येत नाही.” घरात त्या वेळी बाराशे रुपये होते. आम्हां तिघांना फोन आला. आम्ही धावपळ करून रक्कम उभी केली, पण त्या माउलीचा उतरलेला चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. दोष दुकानाचा नव्हता आणि कुरिअरचाही नव्हता. आम्ही स्क्रीनवरच्या आकड्यालाच किंमत समजलो होतो.

आता हा हिशेब नीट समजून घेऊ. आधी १७,८५० चे १५,००० कसे झाले ते पाहा. आम्हांला ती सवलत वाटली होती. जर्मनीत मालाच्या छापील किमतीत १९ टक्के विक्रीकर धरलेला असतो. माल युरोपीय संघाबाहेर जाणार असेल तर तो कर काढून टाकतात. १५,००० वर १९ टक्के म्हणजे २,८५०, बेरीज १७,८५०. म्हणजे तेथला कर उतरला, पण इथला कर अजून चढायचा होता.

वाहतूक खर्चाचीही गंमत आहे. गिटार वजनाला जेमतेम दोन किलो, डब्यासकट चारेक किलो. पण विमानाने जाणाऱ्या मालाचे भाडे वजनावर किंवा आकारमानावर, यांतील जे जास्त भरेल त्यावर आकारतात. डब्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करायचा आणि सर्वसाधारणपणे ५,००० ने भागायचे. ११० गुणिले ४५ गुणिले १५ म्हणजे ७४,२५०. त्याला ५,००० ने भागले की जवळजवळ १५ किलो. डब्यातील हवेचे भाडे आपण भरतो, म्हणा ना! बासरी, क्लॅरिनेट, ट्रम्पेट अशा लहान वाद्यांना हा फटका कमी बसतो. गिटार, चेलो, ड्रम यांना जबर बसतो.

त्यानंतर सीमाशुल्क. जुन्या सभासदांना मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके आठवत असतील. वस्तू व सेवा कर आला तेव्हा, १ जुलै २०१७ पासून, ती जकात बंद झाली. देशाच्या वेशीवरचे शुल्क मात्र कायम आहे. ते नुसत्या वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या एकत्रित रकमेवर लागते. विद्यार्थ्यांनी पुढील गणित वहीत उतरवून घ्यावे. किंमत व वाहतूक मिळून २१,०००. मूळ सीमाशुल्क १० टक्के धरले तर २,१००. त्या शुल्कावर समाजकल्याण अधिभार १० टक्के, म्हणजे २१०. झाले २३,३१०. आता या साऱ्यावर वस्तू व सेवा कर १८ टक्के, म्हणजे सुमारे ४,१९६. म्हणजे करावरही कर! एकूण शुल्क ६,५०६ आणि वाद्य पडले २७,५०६ रुपयांना. शिवाय कुरिअर कंपनी आपल्या वतीने शुल्क आधी भरते, त्याबद्दल स्वतःचा आकार लावते तो वेगळा.

येथे एक सावधगिरीची सूचना. पोस्टाने किंवा विमानाने वैयक्तिक वापरासाठी आलेला माल सीमाशुल्काच्या तक्त्यात ९८०४ या स्वतंत्र शीर्षकाखाली धरला जाऊ शकतो, आणि त्याचा दर वाद्यांच्या दरापेक्षा वेगळा असू शकतो. शिवाय दर अर्थसंकल्पात बदलत असतात. तेव्हा आमचे गणित पद्धत कळण्यापुरते घ्यावे. दर मात्र मागणी नोंदविण्याच्या आठवड्यात केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावरून किंवा कुरिअर कंपनीला विचारून घ्यावेत. काही दुकाने आयात शुल्क आधीच वसूल करून माल घरपोच देतात. तशी सोय असेल तर किंमत थोडी जास्त दिसली तरी ती पत्करावी. मोलमजुरी करून घर चालविणाऱ्या माणसाला आकडा आधी कळणे फार मोलाचे असते.

“डब्यावर ‘भेट’ असे लिहून मागवायचे होते, काही लागले नसते,” असा सल्ला आम्हांला नंतर पुष्कळांनी दिला. हा सल्ला जुना झाला आहे. परदेशातून भेट म्हणून येणाऱ्या मालाला ठरावीक मर्यादेपर्यंत पूर्वी शुल्कमाफी होती. डिसेंबर २०१९ पासून ती राखी आणि जीवरक्षक औषधे यांच्यापुरतीच उरली आहे. दुकानदाराला किंमत कमी दाखवायला सांगणे तर त्याहून वाईट. सीमाशुल्क अधिकाऱ्याला जाहीर केलेली किंमत अमान्य करता येते, आणि खोटी माहिती दिल्याबद्दल १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याखाली माल जप्त होऊन दंडही बसू शकतो. विमाही त्या खोट्या किमतीपुरताच मिळतो, हे वेगळेच.

कागदपत्रांत आमची आणखी एक फजिती झाली. मुलाने मागणी नोंदविताना आपले घरातले लाडके नाव लिहिले होते. कुरिअर कंपनीने ओळखपत्र मागितले, तेव्हा डब्यावरचे नाव आणि आधारवरचे नाव जुळेना. खुलासे करण्यात चार दिवस गेले. मागणी कमावत्या पालकाच्या नावाने, आधार किंवा पॅनवर जसे आहे तशाच नावाने नोंदवावी. पैसे भरण्यापूर्वी बँकेचे कार्ड परदेशी व्यवहारासाठी चालू आहे का ते पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर ही सोय बंदच असते, ती आपण सुरू करून घ्यावी लागते. काम झाल्यावर पुन्हा बंद करावी, हे सांगायला नकोच. ‘रुपयांत भरा’ असा पर्याय पुढे आला तर लगेच भुलू नये. त्यात चलन बदलण्याचा दर दुसऱ्याने लावलेला असतो आणि बहुधा तो महाग पडतो.

आता दुकानाविषयी. परदेशात खरोखर विश्वासाची जुनी दुकाने आहेत. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील ट्रेपेनडॉर्फ या खेड्यात १९५४ साली निघालेले थोमन हे दुकान आज युरोपातील फार मोठ्या वाद्यविक्रेत्यांत गणले जाते. अमेरिकेत इंडियाना राज्यातील फोर्ट वेन येथे १९७९ साली सुरू झालेले स्वीटवॉटर तसेच मोठे आहे. खेड्यातले दुकान म्हणून नाक मुरडू नये आणि चकचकीत चित्रे पाहून हुरळूनही जाऊ नये. पत्ता, फोन, माल परत घेण्याचे नियम आणि तक्रारीची सोय स्पष्ट लिहिलेली आहे का, हे पाहावे. नामांकित वाद्य निम्म्या किमतीत मिळत असेल तर ते नकली असण्याचाच संभव फार. काही कंपन्या आपल्या विक्रेत्यांना ठरलेल्या प्रदेशाबाहेर माल पाठवू देत नाहीत. तेव्हा यादीत दिसणारे प्रत्येक वाद्य भारतात येईलच असेही नाही.

वॉरंटीबाबत आमचे मत कडक आहे. दोन-तीन वर्षांची वॉरंटी कागदावर शोभते, पण वाद्य परत पाठवायचे तर पुन्हा तोच हवेचा डबा, तेच भाडे, आणि बहुधा आपल्याच खिशातून. परत पाठविलेल्या मालावरील शुल्काचा परतावा मागण्याची तरतूद कायद्यात आहे खरी, परंतु एका गिटारीसाठी ती खटपट साध्या माणसाला झेपणारी नाही. याकरिता परदेशातून आणलेल्या वाद्याला वॉरंटी नाही असेच समजून पैसे मोजावेत.

विजेच्या वाद्यांत आणखी एक खोच आहे. अमेरिकेतील वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. तेथला कीबोर्ड किंवा अ‍ॅम्प्लिफायर पाठीमागची पट्टी न वाचता आपल्या बटणात खोचला तर आतला भाग जळून धूर निघू शकतो. जर्मनीची वीज २३० व्होल्टची असल्याने तेथे हा धोका नाही, फक्त पिन वेगळी. पण कीबोर्डसाठी परदेशात जावेच कशाला? यामाहा कंपनीने २०१९ पासून चेन्नईजवळ स्वतःचा कारखाना चालविला आहे. नवशिक्या मुलाला लागणारे कीबोर्ड आपल्याकडच्या दुकानात वाजवून पाहून घेता येतात.

लाकडी वाद्यांचा कायदा पालकांना सहसा ठाऊक नसतो. शिसव वर्गातील झाडे दुर्मिळ होऊ लागल्याने २ जानेवारी २०१७ पासून त्यांच्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन आले, आणि गिटारीची पट्टी बहुधा त्याच लाकडाची असते. वाद्य बनविणाऱ्यांनी गाऱ्हाणे मांडल्यावर नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला मात्र सूट नाही. १९९२ पासून तिच्यावर सर्वांत कडक बंधन आहे. तेव्हा कोणी जुनी, दुर्मिळ म्हणून मिरविलेली गिटार विकत असेल, किंवा जुन्या वाद्यावर हस्तिदंताचे काम असेल, तर दुरूनच नमस्कार करावा.

माल उलट दिशेनेही जातो, हे येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे परदेशांत जातात. त्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथले कारागीर लाकडाला हवामान कसे बाधते ते अचूक सांगतात, आणि तोच धडा आम्हांला गिटारीने दिला. लाकडी वाद्याला सुमारे ५० टक्के आर्द्रता मानवते. आमचा डबा जुलैत आला. विमानातल्या थंडीतून आलेले वाद्य डब्यातच काही तास राहू द्यावे, एवढे आम्हांला ठाऊक होते आणि मुलाला कसेबसे थोपविलेही. पण पुढे गिटार दिवसभर खुंटीला टांगलेली. पावसाळी हवेने लाकूड फुगले, तारा वर उचलल्या गेल्या, बोटे सोलवटली. मुलाला वाटले आपलेच चुकते आहे. मुंबईतील एका दुकानदाराने दांडीतला लोखंडी गज थोडा आवळून आणि खालची पट्टी घासून ती सरळ केली. वाद्य पेटीत बंद ठेवा आणि आत ओल शोषणाऱ्या पुड्या टाका, असेही त्याने बजावले. मग पावती पाहून तो म्हणाला, “दादा, मला एक फोन केला असता तर मागणी नोंदवून चोवीस हजारांत आणून दिली असती.” आमच्या २७,५०६ रुपयांवर कुरिअरचा आकार आणि त्याची मजुरी आणखी चढली होती.

म्हणून आता वर्गात कोणी परदेशी वाद्याचे चित्र दाखविले की आम्ही आधी त्याला तीन देशी दुकानांत फोन करायला लावतो, आणि मग वहीत वरचे गणित पालकांसमोर मांडायला लावतो. डबा उघडताना पहिल्या चिकटपट्टीपासून मोबाईलवर चित्रीकरण करावे, नाहीतर मोडतोडीची तक्रार कोणी ऐकत नाही, हेही सांगतो. त्या मुलाने आमच्या उसन्या रकमेपैकी पाच हजार फेडले आहेत. उरलेल्यासाठी तो दर रविवारी दोन लहान मुलांना सुरावटी शिकवतो. गिटारीचा तो मोठा डबा त्याच्या आईने टाकू दिलेला नाही. तो कपाटावर आहे आणि त्यात आता थंडीच्या गोधड्या ठेवल्या आहेत.